पित्त, कावीळ आणि पांढरी शी : वाचकांचे प्रश्न

पावसाळा उतरणीला लागला की यकृत आणि पित्ताशयाच्या शंका जास्त येतात, आणि त्यांत एक शब्द सारखा भेटतो : पित्त. मराठीत हा शब्द एकटाच तीन कामं करतो. छातीत जळजळतं, करपट ढेकरा येतात, ते ‘पित्त’ जठरातल्या आम्लाचं. अंगावर गांधी उठतात ते ‘पित्त’ ॲलर्जीचं. आणि यकृतात तयार होऊन नळीवाटे आतड्यात उतरतो तो हिरवट-पिवळा रस, हे तिसरं पित्त. या सदरात बोलायचंय ते या तिसऱ्याबद्दल. पहिल्या दोहोंसाठी पित्ताशय काढून उपयोग नाही. उलट तिसऱ्याचा खडा नळीत अडकलेला असताना वर्षभर ॲसिडिटीच्या गोळ्या खात बसलेली माणसंही कमी नाहीत.

प्रश्न : मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली, तेव्हा पित्ताशयात १२ मिलिमीटरचा खडा दिसला. मला कधीच काही दुखलेलं नाही. शेजारच्या काकू कुळथाचं कढण घ्या म्हणतात, मुलगा मोबाइलवर ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा उपाय दाखवतो, एका सर्जननी ऑपरेशन सांगितलं. काय करू? (वय ५४, मिरज)

सध्या काहीच करू नका. सोनोग्राफीत सहज सापडलेला, न दुखणारा खडा असलेल्या शंभर जणांपैकी वर्षाला साधारण एक ते चार जणांना त्रास सुरू होतो. बाकीचे तो खडा घेऊन निवांत जगतात. न दुखताही ऑपरेशनचा विचार करावा अशी कारणं मोजकी आहेत : खडा ३ सेंटिमीटरपेक्षा मोठा, पित्ताशयाच्या भिंतीत चुना साठलेला, सोबत १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप (आतल्या अस्तरावरची गाठ), किंवा सिकलसेलसारखा रक्ताचा आजार. नंदुरबार, गडचिरोलीकडच्या सिकलसेलच्या मुलांना लहान वयातच काळे खडे होतात, ते याच कारणाने. लाल पेशी भराभर फुटतात आणि त्यांतला पिवळा रंग (बिलिरुबिन) पित्तात साठत जातो.

कुळथाचं कढण चवीला उत्तम, जरूर प्या. पण मुतखडा आणि पित्ताशयाचा खडा ही भावंडं नव्हेत. मुतखडा वाहत्या लघवीच्या वाटेवर असतो, पाणी वाढवलं की लहान खडा पुढे सरकतो. पित्ताशय म्हणजे मुख्य नळीच्या बाजूला असलेली, अरुंद तोंडाची ३० ते ५० मिलिलिटरची पिशवी. ओढ्याशेजारच्या डबक्यात पडलेला दगड ओढ्याला पूर आणून निघत नाही, तसंच हे. आणि खडा निघालाच, तर तीच खरी भीती. लोक मोठ्या खड्याला घाबरतात. पण मोठा खडा बहुधा पिशवीतच राहतो. ३-४ मिलिमीटरचे बारीक खडे मुख्य पित्तनलिकेत घसरतात, खाली स्वादुपिंडाच्या नळीचं तोंडही अडवतात आणि स्वादुपिंडाला सूज आणतात. ती सूज जिवावर बेतू शकते.

ऑलिव्ह तेलाचा प्रयोग केलेल्यांना दुसऱ्या दिवशी शौचात खरोखर हिरवे मऊ गोळे दिसतात, म्हणून त्यावर विश्वास बसतो. ते गोळे खडे नसतात. तेल, लिंबाचा रस आणि पोटातले पाचक रस मिळून झालेला तो साबण असतो. असे गोळे ४० अंशांना ठेवले की वितळून तेलकट होतात. पित्ताशयाचा खडा वितळत नाही. नंतर पुन्हा सोनोग्राफी करून बघा, खडा जागच्या जागी असतो.

खडा विरघळवायची गोळी आहे, अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड. पण ती चालते लहान, चुना न धरलेल्या कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर, आणि तीही सहा महिने ते दोन वर्षं घेऊन. बंद केल्यावर पाच वर्षांत निम्म्या लोकांचे खडे परत येतात. तुमच्या १२ मिलिमीटरला ती नको.

आता कळ कशी ओळखायची तेवढं लक्षात ठेवा. बेंबीच्या वर किंवा उजव्या बरगडीखाली कळ येते, बहुधा रात्री, भरपेट जेवणानंतर तासा-दोन तासांनी. पाठीत उजव्या खांद्याच्या पात्याखाली जाते. अर्धा तास ते पाच-सहा तास एकसारखी राहते, ढेकर देऊन किंवा शौचाला जाऊन कमी होत नाही. माणूस कूस बदलत राहतो, कुठेच चैन पडत नाही. अशी कळ एकदा जरी येऊन गेली, तरी खडा ‘न दुखणारा’ राहिला नाही. मग ऑपरेशनची तारीख ठरवा. कळ सहा तासांवर गेली, ताप आला किंवा डोळे पिवळे झाले तर तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि तुमच्या वयात पोटाच्या वरच्या भागात पहिल्यांदाच कळ आली, तर आधी ईसीजी. हृदयविकाराचा झटकाही तिथेच दुखतो.

प्रश्न : पत्नीचं पित्ताशय दुर्बिणीतून काढायचं ठरलंय. अवयवच काढला तर पचन कसं होणार? जन्मभर तेल-तूप बंद का?

पित्त पित्ताशयात तयार होत नाही, यकृतात होतं. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर. पित्ताशय फक्त ते साठवून घट्ट करतं आणि जेवणाच्या वेळी सोडतं. साठा गेला की पित्त थेंब थेंब थेट आतड्यात उतरत राहतं आणि पचनाला तेवढं पुरतं. पहिले काही आठवडे तळकट खाल्लं की पातळ शौचाला होऊ शकतं. चार-सहा आठवड्यांत बहुतेकांचं सुरळीत होतं, मग घरचं सगळं जेवण चालतं. काही थोड्यांना मात्र जुलाब चालूच राहतात. ते आतड्यात सांडणाऱ्या पित्तामुळे असतात आणि त्यावर पित्त बांधून ठेवणारी पावडर मिळते. निमूट सोसू नका.

हे ऑपरेशन आपल्याकडे नवं नाही. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी ते केलं तेव्हापासून ते इथे चाललंय. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून तंबूसारखी जागा करतात, बहुधा चार छिद्रं पाडतात, पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी अशा दोनच गोष्टी पित्ताशयाकडे जाताना स्वच्छ दिसल्यावर दोन्हींना क्लिप लावून कापतात. ‘स्वच्छ दिसल्यावर’ हे महत्त्वाचं. सुजेने सगळं चिकटलेलं असेल आणि सर्जननी दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडलं, तर त्यांना नावं ठेवू नका. चुकून मुख्य नळी कापली जाण्याचा प्रकार हजारात तीन-पाच जणांत होतो, आणि तो नेमका अशाच वेळी रेटून नेल्याने.

ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस खांदा दुखतो. उरलेला वायू श्वासपटलाला टोचतो म्हणून ते होतं, चालल्याने कमी होतं. पण घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, पोट फुगलं, ताप आला किंवा डोळे पिवळे झाले, तर ‘गॅस आहे’ हे उत्तर मान्य करू नका. नळीतून पित्त गळत असेल तर ते सोनोग्राफी आणि रक्ततपासणीत कळतं, आणि लवकर कळलेलं बरं.

काढलेल्या पित्ताशयाचा तपासणी अहवाल आठवड्याभरात मागून घ्या. बाटलीतले खडे सगळे हौसेने घरी आणतात, अहवाल मात्र प्रयोगशाळेतच राहतो. खड्यांच्या आड लपलेला कर्करोग क्वचित त्या कागदावरच पहिल्यांदा दिसतो.

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी वडिलांच्या पित्तनलिकेतला खडा तोंडातून दुर्बीण घालून काढला आणि आत नळी बसवली. त्यांना आता काही त्रास नाही. नळी काढलीच पाहिजे का?

हो, याच आठवड्यात वेळ घ्या. ती प्लास्टिकची असेल, आणि बहुधा तीच असते, तर तिचं आयुष्य साधारण तीन महिन्यांचं. नळीच्या आत जंतूंचा थर बसतो, त्यावर गाळ साचतो, नळी तुंबते. कधी ती सरकते, कधी तिच्याभोवतीच नवा खडा धरतो. ‘त्रास नाही’ याचा अर्थ अजून तुंबलेली नाही, एवढाच.

तुंबली की थंडी वाजून ताप, कावीळ आणि वरच्या पोटात दुखणं ही त्रयी येते. तुंबलेल्या पित्तात वाढलेले जंतू दाबामुळे थेट रक्तात शिरतात. वयस्कर माणसाचं ब्लड प्रेशर काही तासांत उतरतं, बोलणं असंबद्ध होतं. अशा वेळी घरच्या घरी अँटिबायोटिकवर विसंबू नका, साचलेलं पित्त मोकळं करावंच लागतं.

नळी काढणं हे बसवण्यापेक्षा पुष्कळ सोपं काम आहे. जाताना जुना डिस्चार्ज कागद न्या. त्यावर नळीची लांबी-जाडी, बसवल्याची तारीख आणि ‘खडे पूर्ण निघाले’ की ‘राहिले’ हे लिहिलेलं असतं. पित्ताशय अजून काढलं नसेल तर तेही विचारा. खड्यांचा कारखाना चालू ठेवून नुसती नळी साफ करत बसण्यात अर्थ नाही.

प्रश्न : पुतण्याला कावीळ झाली आहे. बिलिरुबिन ८, एसजीपीटी १४००. गावात एक जण गळ्यात माळ घालून कावीळ उतरवतो. माळ रोज लांबते आणि पोटावर आली की कावीळ गेली. दुसरे एक जण हात धुऊन पिवळं पाणी काढून दाखवतात. औषधाने नाही तर निदान याने गुण येईल का? पथ्य काय?

माळ खरंच लांबते. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या सैल गाठींत अडकवलेले असतात. काड्या वाळून बारीक होतात, गाठीतला दोरा सुटत जातो, माळ लांब होते. खुंटीला टांगली तरी लांबेल. हात धुण्यात आधी हातावर झाडाच्या सालीचा रस चोळतात, मग चुन्याचं पाणी ओततात. दोन्ही मिळून पिवळा रंग येतो. निरोग्याच्या हातावरही येतो, करून पाहा. माळ आणि पाणी निदान निरुपद्रवी आहेत. नाकात देवडांगरीचे (एका कडू वेलीच्या फळाचे) थेंब घालणं मात्र तसं नाही. त्याने नाकाचं अस्तर पोळतं आणि पिवळं पाणी गळतं ते त्या जखमेचं. कावीळ रक्तात आहे, नाकात नाही. मनगटावर किंवा पोटावर डाग देणं तर नकोच.

मग गुण आल्यासारखं का वाटतं? एसजीपीटी (यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) हजाराच्या वर आणि पावसाळ्याचे दिवस, म्हणजे बहुधा हेपटायटिस ए किंवा ई. हे दोन्ही विषाणू बहुतेक धडधाकट माणसांत तीन ते सहा आठवड्यांत आपोआप जातात. त्या काळात ज्याच्याकडे जाल त्याला श्रेय मिळतं. घोटाळा होतो तो कावीळ दुसऱ्याच कारणाची असली की. कावीळ हा रोग नाही, लक्षण आहे. नळीत अडकलेला खडा, हेपटायटिस बी, क्षयाच्या गोळ्यांनी सुजलेलं यकृत, स्वादुपिंडाच्या डोक्याची गाठ, सगळ्यांत डोळे सारखेच पिवळे होतात. साठीनंतर पोट न दुखता कावीळ चढत गेली, खाज सुटली, शौच मातकट पांढरं झालं, तर माळेत गेलेला एकेक आठवडा महागात पडतो.

तपासण्या कराव्यात त्या अशा : हेपटायटिस ए आणि ई चे आयजीएम (ताज्या संसर्गाची प्रतिपिंडं), हेपटायटिस बी ची एचबीएसएजी, हेपटायटिस सी, एकदा सोनोग्राफी. आणि सगळ्यांत महत्त्वाची, बऱ्याचदा राहून जाणारी, पीटी-आयएनआर. रक्त गोठवणारी द्रव्यं यकृत करतं, म्हणून यकृत किती काम करतंय ते आयएनआर सांगतो. एसजीपीटी फक्त किती पेशी फुटल्या ते सांगतो. एसजीपीटी १४०० वरून २०० वर आला म्हणून पेढे वाटू नका, जर त्याच वेळी बिलिरुबिन आणि आयएनआर चढत असतील. फुटायला पेशीच उरल्या नाहीत, असाही त्याचा अर्थ असतो.

दिवसा झोप आणि रात्री जाग, विचित्र बडबड, हात पुढे धरल्यावर पंजे फडफडणं, हिरड्यांतून रक्त, न थांबणाऱ्या उलट्या, आयएनआर १.५ च्या पुढे : यातलं एकही दिसलं तर यकृताचे तज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी न्या. घरात गरोदर बाई असेल आणि तिला कावीळ झाली, तर थेट दाखलच करा. हेपटायटिस ई शेवटच्या तीन महिन्यांत फार घातक असतो. पाचांत एक बाई त्यात दगावू शकते.

पथ्याचं बोलायचं तर हळद बंद करण्याला काही आधार नाही, हळदीचा रंग डोळ्यांत जात नाही. तेल-तूप मळमळ होते म्हणून कमी होतं, यकृताला चालत नाही म्हणून नव्हे. संध्याकाळी मळमळ वाढते, म्हणून सकाळी पोटभर खाऊ घाला : वरण-भात, भाकरी, ताक, अंडं चालत असेल तर अंडं. नुसत्या उसाच्या रसावर आणि चुरमुऱ्यांवर ठेवलं तर माणूस खंगतो. उसाच्या रसात मिळणारी साखर चांगली, पण गाड्यावरचा बर्फ कुठल्या पाण्याचा हे कोण सांगणार? तापाला पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारूनच, दिवसात २ ग्रॅमच्या आत. सगळे काढे बंद. गुळवेलसुद्धा. करोनाच्या लाटेत रोज गुळवेल घेतलेल्या सहा जणांना यकृताची सूज आल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, दुसरीच वेल वापरली असेल असं म्हटलं. वाद काही असो, सुजलेल्या यकृतावर प्रयोग नको.

पाणी उकळून प्या, खळखळ बुडबुडे आल्यावर एक मिनिट. ए आणि ई दोन्ही विष्ठेतून पाण्यात येतात. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेच्या पाण्यात मैलापाणी शिरलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तो हेपटायटिस ई होता, हे पुढे साठवलेल्या रक्ताच्या तपासणीतून कळलं. पाण्यात क्लोरिन टाकलेलं होतं आणि टायफॉइड वाढला नाही, कावीळ मात्र पसरली. नेहमीचं क्लोरिन पडलं म्हणून निर्धास्त राहू नये ते यासाठी.

प्रश्न : नातू ३८ दिवसांचा आहे. अंगावरचं दूध पितो, बाळसं छान आहे. डोळे मात्र अजून पिवळे दिसतात. कोवळं उन्ह दाखवतो. शी फिकट आहे. काळजी करू का? (आजी, सातारा)

आजी, हे वाचल्यावर उद्या सकाळीच बाळाला घेऊन निघा. पिवळेपणापेक्षा ‘शी फिकट’ हे दोन शब्द जास्त महत्त्वाचे आहेत.

आज दिवसाच्या उजेडात दोन गोष्टी बघा. शी मोहरीच्या रंगाची, पिवळी किंवा हिरवी असेल तर पित्त आतड्यात पोचतंय. सायीसारखी, पिठासारखी किंवा ओल्या सिमेंटसारखी असेल तर पोचत नाही. आणि लंगोट. तान्ह्या बाळाची लघवी पाण्यासारखी असते, धुतलेल्या पांढऱ्या लंगोटावर डाग पडू नये. पिवळा डाग उमटत असेल तर तो बिलिरुबिनचा. डाग पडलेला लंगोट आणि शीचा फोटो दोन्ही बरोबर न्या.

चौदा दिवसांपुढे कावीळ राहिली तर बिलिरुबिन ‘टोटल’ आणि ‘डायरेक्ट’ असं वेगवेगळं तपासायला हवं. डायरेक्ट १ च्या वर असेल तर ती अंगावरच्या दुधाची साधी कावीळ नव्हे, आणि त्यावर उन्हाचा काही उपयोग नाही. शंका असते ती पित्तनलिका जन्मतः बुजलेली असण्याची. त्यावर कासाई नावाची शस्त्रक्रिया आहे : बुजलेल्या नळ्या काढून आतड्याचा तुकडा थेट यकृताला जोडतात. ती ६० दिवसांच्या आत झाली तर यश जास्त. नंतर यकृत निबर होत जातं आणि पुढे प्रत्यारोपणाची वेळ येते. तुमच्या हातात २२ दिवस आहेत, त्यांत तपासण्याही व्हायच्या. तैवानने २००४ पासून प्रत्येक बाळाच्या आईला शीच्या रंगांचं कार्ड द्यायला सुरुवात केली आणि मुलं लवकर सापडू लागली. बाळाला ‘के’ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन लागेल का तेही विचारा. पित्त उतरत नसेल तर ते अंगी लागत नाही आणि मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. बाळसं चांगलं आहे यावर जाऊ नका. या आजारात सुरुवातीला बाळं गुटगुटीतच दिसतात.

प्रश्न : नवरात्राच्या उपासात दरवर्षी डोळे पिवळसर होतात. बिलिरुबिन २.४, बाकी सगळं नॉर्मल. (वय २६)

त्यातलं ‘इनडायरेक्ट’, म्हणजे यकृताने अजून प्रक्रिया न केलेलं, किती ते पाहा. जवळजवळ सगळं तेच असेल, एसजीपीटी आणि हिमोग्लोबिन ठीक असेल, तर हा गिल्बर्टचा प्रकार. बिलिरुबिन धुऊन काढणारं एक एन्झाइम जन्मतः थोडं मंद असतं. उपास, ताप, जागरण झालं की आकडा चढतो, जेवल्यावर उतरतो. यकृताला धोका नाही, औषध नाही, पथ्य नाही. फाइलवर नाव ठळक लिहून ठेवा, म्हणजे दर वेळी नवा डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करणार नाही.

प्रश्न : सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर ग्रेड २’. वजन ८२ किलो, वय ५२, दारू नाही. तीन महिने लिव्हर टॉनिक घेतोय. ग्रेड ३ व्हायच्या आत काय करू?

ग्रेडच्या मागे लागू नका. ग्रेड म्हणजे सोनोग्राफीच्या पडद्यावर यकृत किती पांढरं दिसतं तेवढंच. खरा प्रश्न आहे यकृत निबर व्हायला लागलंय का, आणि ते पडद्यावर लवकर दिसत नाही. त्यासाठी घरी करता येईल असा एक हिशेब आहे, फिब-४. वय गुणिले एसजीओटी (एसजीपीटीसारखंच यकृताच्या तपासणीतलं एन्झाइम). त्याला भागायचं प्लेटलेट गुणिले एसजीपीटीच्या वर्गमुळाने. प्लेटलेट हजारांत घ्यायच्या, म्हणजे अहवालात १,८०,००० असेल तर १८०.

उदाहरणार्थ, वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १८०. वर ५२ × ४८ = २४९६. खाली ६४ चं वर्गमूळ ८, आणि १८० × ८ = १४४०. उत्तर १.७३. आकडा १.३ च्या खाली असेल तर निबरपणा असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर यकृततज्ज्ञ. मधला असेल तर फायब्रोस्कॅन (यकृताचा निबरपणा मोजणारी तपासणी) करून घ्या, त्यात ८ किलोपास्कलच्या खाली असलं की सध्या निश्चिंत. पासष्टीपुढे १.३ ऐवजी २ धरतात, नाहीतर वयामुळेच सगळे नापास होतात.

टॉनिक थांबवलंत तरी चालेल. चरबी कमी करणारं सिद्ध औषध म्हणजे घटलेलं वजन : पाच टक्क्यांनी चरबी, सात ते दहा टक्क्यांनी सूज, दहाच्या वर गेलात तर निबरपणाही मागे हटू लागतो. तुमच्या हिशेबात ४, ६ आणि ८ किलो. आठवड्याला अर्धा किलो पुरे; याहून फार घाईने उतरवलंत तर पित्ताशयात खडे धरतात. चहातली साखर, फळांचे रस, बेकरीचं खाणं आधी काढा. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिपिड (रक्तातली चरबी) तपासा, कारण या आजाराची माणसं बहुधा यकृताने नाही, हृदयाने जातात. साखर न घातलेली कॉफी आवडत असेल तर दोन कप खुशाल घ्या.

प्रश्न : भावाने रक्तदान केलं आणि रक्तपेढीतून ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’ असा फोन आला. त्याचं लग्न ठरलंय. घरात सगळे हबकले आहेत.

एचबीएसएजी पॉझिटिव्ह म्हणजे रक्तात हेपटायटिस बी चा विषाणू. लग्न मोडायचं कारण नाही, लपवायचं तर मुळीच नाही. होणाऱ्या वहिनींना सांगा, त्यांची एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस (संरक्षण देणारी प्रतिपिंडं) तपासा, आणि संरक्षण नसेल तर लस सुरू करा : आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस १० च्या वर आलं की काम झालं. तोवर निरोध.

भावाची तपासणी पुन्हा करून घ्या. सहा महिन्यांनीही पॉझिटिव्ह असेल तर तो दीर्घकाळचा संसर्ग. मग एचबीईएजी (विषाणू जोरात वाढत असल्याची खूण), विषाणूचा डीएनए किती, एसजीपीटी, फायब्रोस्कॅन यावर औषध ठरतं. सगळ्यांना गोळी लागत नाही, पण तपासणी सगळ्यांनाच लागते. राष्ट्रीय विषाणूजन्य हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रमात २०१८ पासून तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत आहेत.

एक गोष्ट घरात मोकळेपणी बोला. असा निकाल आला की पहिला संशय वागणुकीवर जातो. आपल्याकडे पुष्कळांना हा संसर्ग जन्मताना आईकडून किंवा लहानपणी घरातूनच झालेला असतो, म्हणून आई आणि सगळ्या भावंडांची तपासणी करा. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने तो पसरत नाही. दाढीचं ब्लेड, नेलकटर, टूथब्रश मात्र वेगळे. पुढे कुठल्याही बाईची एचबीएसएजी गरोदरपणात पॉझिटिव्ह आली, तर बाळाला २४ तासांच्या आत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन), हे प्रसूतिगृहात आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : हल्ली पितळेची भांडी पुन्हा आली आहेत. बाळाचं दूध पितळी पातेल्यात तापवावं का? आमच्या आजीच्या काळी तेच होतं.

बाळाचं दूध कल्हई नसलेल्या पितळेत किंवा तांब्यात तापवू नका, ठेवूही नका. ‘आजीच्या काळी’ची दुसरी बाजू अशी की त्या काळी एक ते तीन वर्षांची मुलं यकृत दगडासारखं होऊन दगावत. त्यांच्या यकृतात तांबं प्रचंड साठलेलं असे. १९८३ साली पुण्याच्या बालरोगतज्ज्ञांनी ब्रिटिश सहकाऱ्यांसोबत दाखवलं की या मुलांना अगदी लहानपणी वरचं दूध सुरू झालेलं होतं, आणि ते पितळी भांड्यांतलं होतं. दुधातल्या प्रथिनाला पितळेतलं तांबं चटकन चिकटतं आणि बाळाच्या पोटात जातं. घराघरांत स्टील आलं आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

मोठ्यांना पितळी कढईत भाजी करायची तर आतून कल्हई केलेली वापरा, आणि कल्हई झिजून पिवळा धातू दिसू लागला की कल्हईवाल्याकडे पाठवा. चिंच, कोकम, टोमॅटो, दही, ताक घातलेला पदार्थ उघड्या पितळेत नको. दूध तापवायला स्टीलचं पातेलं घ्या.